गाठोबाची चूल

फार जुनी गोष्ट, माणसाच्या अंगातल्या पेशींच्या वस्तीतली. तुमच्याही अंगात आहे ती, उगाच खाजवून बघू नका! तिथं घरोघरी चूल असते. घरातलंच मोडकंतोडकं जाळायचं आणि त्यावर रांधायचं.

तिथल्या एका बिघडलेल्या पेशीनं, गाठोबानं, घर वाढवत शेजाऱ्यांच्या भिंती पाडल्या. औषधाच्या थेंबानं त्याचं धान्य अडवलं, तरी गडी धट्टाकट्टा!

"चूलबाई, कुजके वासे जाळून तूच जगवतेस ह्याला," थेंब म्हणाला.

"घरधन्याला उपाशी ठेवू होय, दादा?"

तेवढ्यात शेजारची भिंत कोसळली. चुलीनं तिकडं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "विझव मला. पण शेजारणींवर शिंतोडा नको हं, त्यांची पेज शिजतेय."

थेंब भावंडांना घेऊन आला नि वस्तीच्या दारातच घुटमळला. चुली सगळ्या सारख्याच!

"अरे वेड्या, सगळ्यांत धडधडतेय ती मी," म्हणत चुलीनं जाळ आणखी मोठा केला.