वाळूतले नऊ ठसे

ओल्या वाळूत एकाच पायाचे दोन ठसे शेजारीशेजारी दिसले आणि टिटवी दचकली.

मुलांनो, टिटवी दचकली यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर राहणारी ही टिटवी होतीच तशी भित्री. परवाच एक नारळ धप्पकन पडला, तर तिने ओरडून सारे बेट गोळा केले होते! पण आजचा दिवस वेगळा होता. आजवर पलीकडच्या किनाऱ्यावरून समुद्रगरुड येई आणि बेटाचा प्रमुख कोण, ते सांगून जाई. यंदा बेटाने त्याला निरोप धाडला, "महाराज, आमचा अध्यक्ष आम्हीच निवडू." गरुड हसला. म्हणाला, "तुम्ही? पहिल्याच खेपेला गोंधळ घालाल आणि मलाच हाका माराल." हे बोलणे सगळ्यांच्या मनाला लागले होते.

म्हणून ओहोटी लागताच सारे कसे शिस्तीत आले! एक धोंडा कासवाचा, एक बगळ्याचा. ज्याला जो अध्यक्ष हवा, त्याने त्याच्या धोंड्यापुढे वाळूत एकदाच पाऊल उमटवायचे. दोघा उमेदवारांनी लांबच्या खडकावर पाठ फिरवून उभे राहायचे. टिटवीने बगळ्याच्या धोंड्यापुढे पाऊल ठेवले तेव्हा तिची छाती अभिमानाने भरून आली होती. आपले एवढेसे पाऊल, आणि तेही मोजले जाणार होते! खेकड्याने ठसे मोजले. कासवाचे छत्तीस, बगळ्याचे एक्केचाळीस. निकाल सांगायला तो तुरुतुरु उंच दगडाकडे निघाला, आणि टिटवी आपला ठसा पुन्हा एकदा डोळे भरून पाहायला गेली.

तेव्हा तिला ते दोन ठसे दिसले. मग तिसरा. चौथा. पाण्यात पोहणाऱ्या पाखराचे पाऊल, बोटांमध्ये पातळ पडदा, आणि प्रत्येक ठशात तो पडदा एकाच जागी फाटलेला. असे नऊ! बेटावर तसा पाय एकाचाच होता. मासेमाराच्या जाळ्यात अडकून ज्याचा पाय फाटला होता त्या पाणकावळ्याचा. म्हणजे आठ मते खोटी, बगळ्याची खरी तेहतीसच, आणि खरा अध्यक्ष कासव.

"काय गं, काय शोधतेस?" मागून आवाज आला. टिटवी चार बोटे उंच उडाली. पाणकावळाच होता तो.

"हे... हे सगळे तुझेच ना रे?" तिने चाचरत विचारले.

"हळू बोल! बगळा आपल्यातला. पाखरांमधला अध्यक्ष झाला तर तुझं काय बिघडतं? तूही त्यालाच मत दिलंस ना?"

"दिलं. पण एकच दिलं."

"मग गप्प राहा. भरती आलीच आहे, सगळं धुऊन जाईल. आणि तू बोंब मारलीस तर गरुडाच्या कानावर जाईल. बेटाचं हसं होईल ते तुझ्यामुळे!"

टिटवीने पाण्याकडे पाहिले. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण ठशांतूनच लबाडी करायची, तर गरुडाच्या पंज्याखाली राहणे काय वाईट होते? इतक्यात पहिल्या लाटेने वाळू चाटली. एक ठसा पुसला गेला. उरले आठ.

"टिटिव्! टिटिव्! मोजणी पुन्हा करा!" ती ओरडली.

"झालं सुरू!" माकड खिदळले. "आज कुठला नारळ पडला?"

"टिटवीबाई, निकाल तर सांगू द्या," दगडावरून खेकडा वैतागून म्हणाला. "तुमची भीती नंतर ऐकू."

"भीती नाही हो खेकडेमामा, ठसे खोटे आहेत! या ना, पाणी येतंय!"

कोणी जागचे हलले नाही. दुसरी लाट आली. सहा उरले. टिटवी पाण्याकडे पाठ करून, पंख पसरून ठशांपुढे उभी राहिली. एवढ्याशा पंखांनी समुद्र थोडाच अडतो! पाय भिजले, आवाज चिरकला, तरी तिसऱ्यांदा ती सारा जीव एकवटून ओरडली, "टिटिव्! अहो, कोणीतरी या! बगळ्याची आठ मतं खोटी आहेत!"

लांबच्या खडकावर एक उंच मान वळली. तो बगळा होता. गप्प राहिला असता तर घटकाभरात अध्यक्ष झाला असता. त्याने पंख उघडले आणि साऱ्या बेटाला ऐकू जाईल असे ओरडून म्हणाला, "आलो, टिटवीताई, जागची हलू नकोस! खेकडेमामा, निकाल थांबवा. माझ्याच धोंड्यापासून मोजायला घ्या!"

तात्पर्य : आपल्याच बाजूची लबाडी जो भीत भीत का होईना बोलून दाखवतो, आणि जो ती ऐकून घेतो, त्या दोघांमुळेच सगळ्यांची मान ताठ राहते.