मेन स्विचवरचा हात

"मग पुसून टाकू का, उस्ताद?"

निशिकांतचं बोट बटणावर होतं.

"काय पुसतोस?" नाझीरसाहेबांनी विचारलं.

"रोहिणीताईंचं प्रोफाइल. जुनं सगळीकडून काढतो, नवं कोरं करून देतो. सर्व्हर तपासला, केबल बदलली, पासवर्ड बदलला. तरी रोज सकाळी यांचं आदल्या दिवशीचं काम गायब!"

"अहो, आणि माझा तक्ता?" रोहिणीताई खुर्चीतून उठल्याच. "चार जिल्ह्यांत कुठलं बियाणं किती पाठवायचं ते सगळं त्यात आहे. आज गाड्या भरायच्यात!"

"तो गेलाच समजा, ताई."

आमच्या जालन्याच्या मोंढ्यातली, म्हणजे घाऊक बाजारातली, ही बियाण्यांची पेढी. इथे कुणाचं टेबल ठरलेलं नाही. रिकामा दिसेल त्या कॉम्प्युटरवर बसायचं, आपलं नाव नि पासवर्ड टाकायचा, की आपापलं सामान, म्हणजेच प्रोफाइल, सर्व्हरवरून पडद्यावर हजर. बाकीचे थेट सर्व्हरवरच्या खतावणीतच लिहायचे; रोज स्वतःचा तक्ता करणाऱ्या एकट्या रोहिणीताई. नाझीरसाहेब म्हणजे बाजारातल्या निम्म्या कॉम्प्युटरांचे वैद्य. निशिकांत त्यांचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. 'ही पेढी ठीक केलीस तर पुढे ती तूच सांभाळ,' असं उस्ताद म्हणाले होते. त्यामुळे गड्याचा हात जरा घाईत.

"ताई, काल कुठे बसला होतात?" उस्तादांनी विचारलं.

"खिडकीशी. आज तिथे देशमुख बसलेत."

"त्यांना उठवा."

"ते उठताहेत होय! पंखा आहे तिथे."

देशमुख उठले. कुरकुरत उठले, पण उठले. ताईंनी तिथे नाव टाकलं…

"अगंबाई! हा काय तक्ता!"

निशिकांत पडद्याकडे बघत राहिला. पुसण्याचं बटण त्याने दाबलं असतं तर…

"पण उस्ताद, सर्व्हरवर तर हा नाहीये!"

"नाही."

"मग इथे कसा?"

"तिथे पोचला नाही म्हणून इथे आहे."

"का नाही पोचला?"

उस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"संध्याकाळी सांगतो."

"आत्ता सांगा ना."

"आत्ता मलाही माहीत नाही."

आम्हा व्यापाऱ्यांना हे पटतं. पोत्याची गळती पोतं भरताना दिसत नाही. उचललं की दिसते. उस्ताद तिथेच बसून राहिले. देशमुखांशी पंख्यावरून वादही घालून झाला.

संध्याकाळ झाली.

व्यापारी दुकान बंद करत नाही, वाढवतो. पेढीचे मालक झुंबरशेठ वाढवतात ते असं: देवाला हात जोडायचे आणि मेन स्विच खाली ओढायचा. त्यांच्या वडिलांच्या काळी गोदामात तारेची ठिणगी पडली होती. तेव्हापासून वीज चालू ठेवून या पेढीतून कुणी बाहेर पडलेलं नाही. शेठ देवापुढे उभे राहिले की माणसं डबे उचलून जिन्याकडे निघायची. पडदे तसेच उजळलेले. बंद कशाला करायचे? शेठ करतातच की!

शेठचा हात स्विचकडे गेला.

उस्तादांनी तो मनगटाशी धरला.

झुंबरशेठचा हात आजवर बाजारात कुणी धरला नव्हता.

"थांबा शेठ. रोहिणीताई अजून निघाल्या नाहीत."

"ही काय मी जिन्यात!" खालून ताई ओरडल्या. "रिक्षावाला थांबलाय!"

"तुम्ही निघालात, ताई. तुमचं काम अजून खुर्चीत बसलंय. वर या, त्याला घरी पाठवा."

ताई वर आल्या. उस्तादांनी दाखवलं तसं त्यांनी लॉग ऑफ केलं. पडद्यावर अक्षरं उमटली: सामान सर्व्हरवर जात आहे…

"एवढा वेळ?" शेठ म्हणाले.

"बाईमाणसाचं सामान, शेठ," देशमुख म्हणाले.

"तुमचं बघू हं उद्या!" ताई म्हणाल्या. "तुम्ही तर अख्खं लग्नाचं फोटोशूट ठेवलंय त्यात."

पडदा रिकामा झाला.

"आता दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसा."

ताई बसल्या. तक्ता तिथे हजर! शेवटच्या ओळीसकट. ताईंनी टाळीच वाजवली, आणि या खेपेला न सांगता लॉग ऑफ केलं.

"आता वाढवू?" शेठनी विचारलं.

"आता वाढवा."

खट्.

निशिकांत तोवर कुणाचा निरोप न घेता दोन दोन पायऱ्या उतरून खाली पोचलाही होता. उस्ताद येईपर्यंत त्याने स्कूटरला किक मारली.

"सुटलं, उस्ताद! लॉग ऑफच्या आधीच वीज जायची, म्हणून सामान पोचत नव्हतं. म्हणजे मी रोज सकाळी शोधत बसलो, आणि गोम होती संध्याकाळी!"

"हं."

"मग… आता ही पेढी माझी ना?"

उस्तादांनी मागे वळून पाहिलं. वर जिन्याच्या तोंडाशी शेठ, देशमुख आणि रोहिणीताई अंधारात चपला शोधत होते.

"आधी वर जा… आणि सगळ्यांना 'येतो' म्हणून ये."