नोटीस कोणाच्या नावानं?

आंबेखोलच्या शाळेत शिक्षणाधिकारी पानवलकर तपासणीला आले आणि पहिल्याच वर्गात त्यांचा पारा चढला. मुलांना अपूर्णांक येत नव्हते.

"मी शिकवलं होतं सर," धोंडगे गुरुजी चाचरत म्हणाले.

साहेब कडाडले, "नव्या निकषांत शिकवलं याला किंमत नाही! मूल शिकलं का, तेवढंच बघायचं. नाही शिकलं, तर दोष शिकवणाऱ्याचा. बाई, शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना नोटिसा काढा."

गुरुजींचा चेहरा पडला. मुख्याध्यापिका सुलभाबाई तोरसकर मात्र शांतपणे म्हणाल्या, "काढते साहेब. पण आमच्या शिक्षकांना ही नवी पद्धत अजून जमत नाही, हे खरं ना?"

"अजिबात जमत नाही! अहो, मी स्वतः दिवसभर प्रशिक्षण दिलंय यांना."

"म्हणजे तुम्ही शिकवलंत आणि हे शिकले नाहीत. मग साहेब, पहिली नोटीस कोणाच्या नावानं काढू?"

पानवलकर गोरेमोरे झाले. मग एकदम खो खो हसत सुटले.

"बाई, नापास केलंत मला!" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि ते गुरुजींच्या शेजारी बसले. "बोला गुरुजी, नेमकं कुठं अडतंय?"

शाळा सुटली, मुलं घरी गेली, तरी साहेबांची गाडी फाटकाशीच उभी होती.