अनोळखी हात

"मग? काय लिवलं हुतंस?" बाबालालचाचांनी विचारलं. "पुन्यांदा सांग की."

अच्युत हेरवाडकर चहाच्या शेगडीकडे बघत राहिला.

"लाजतोस कशाला? अकरा माणसांत वाचलं गेलं तवा न्हाई लाजलास."

अच्युतने मान खाली घातली...

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर तो का लाजला ते कळायचं नाही.

निपाणीत आमची चिरूट ओढणाऱ्यांची एक मंडळी आहे. एक आड एक रविवारी दुपारी चारला आम्ही वसंतराव शिप्पूरकरांच्या तंबाखूच्या वखारीत ओट्यावर जमतो. पद्धत अशी की, जो चिरूट आणायचा त्याची कागदी पट्टी घरीच काढून यायचं. कुणाचा, कुठला, काही बोलायचं नाही. वसंतराव दोरा बांधून त्याला नंबर देतात आणि कुठला नंबर कुणाचा ते एका पाकिटात बंद करून ठेवतात. आम्ही ओढतो आणि चिठ्ठीवर तीन ओळी लिहितो. ओढ कशी, स्वाद कसा, आणि वळणारा हात कुणाचा. ज्याने आणला त्याने चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

तिसरी ओळ आमच्यापैकी बहुतेकांची कोरीच असते. अच्युतची कधी नसते. तो वखारीत पानाची प्रत ठरवायचं काम करतो. नुसतं हुंगून शेत सांगतो. चिरूट वळणारे बाबालाल मुजावर हे त्याचे गुरू. एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्या दुकानात बसून त्याने पान हुंगायला शिकून घेतलं. नाक चांगलं आहे, आणि ते चांगलं आहे हे त्याला जरा जास्तच माहीत आहे. आम्ही ते चालवून घेत होतो.

त्या रविवारी तीन नंबरचा चिरूट आला. बहुतेकांनी 'जरा घट्ट', 'बरा' असं काहीतरी लिहून वेळ मारून नेली. अच्युतची चिठ्ठी वसंतरावांनी मोठ्याने वाचली.

'ओढ : दोरखंड ओढल्यासारखी. स्वाद : तिथवर पोचलोच नाही. हात : अनोळखी. ज्याचा असेल त्याने तो धुऊन आता घरी बसावे.'

आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो, ते लपवत नाही. खांबाला टेकून बसलेले बाबालालचाचासुद्धा हसले.

मग वसंतरावांनी पाकीट फोडलं. नंबर तीन, बाबालाल मुजावर.

चाचांनी जोडे घातले, सगळ्यांना हात केला आणि गेले.

सोमवारी त्यांचं दुकान उघडलं नाही. मंगळवारी दारावरची पाटीही उतरली. पन्नास वर्षांत ते दुकान ईद सोडून बंद पाहिलं नव्हतं. आमच्यापैकी दोघे विचारायला गेले, तर चाचा म्हणाले, "सांगितलंय त्येनं, हात धुऊन घरी बसा. बसलोय."

पुढच्या सोमवारी दुपारी अच्युत मागच्या दाराने चाचांच्या बंद दुकानात गेला. पुढचं मला त्यानेच सांगितलं आहे. त्याने स्वतःची बाजू सावरून घेतलेली नाही, एवढं मी त्याला ओळखतो.

"सांग," चाचा पुन्हा म्हणाले.

अच्युतने ती चिठ्ठी तोंडपाठ म्हटली. शेवटचे शब्द पुटपुटला.

"हां," चाचा म्हणाले. "बरोबर हाय."

"चाचा..."

"दोरखंडच हुता. बग." त्यांनी उजव्या हाताची बोटं पुढे केली. अंगठ्याजवळ भाजल्याचा एक ताजा डाग होता. "परवा शेगडीला हात लागला. वास आला तवा कळलं. तीन वरसं झाली, साखरेनं बोटं बधिर केल्यात. पान किती आवळलं, हाताला समजतच न्हाई."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"कुणाला इचारू? गिऱ्हाईक पट्टी बगतंय आनि मान डोलावतंय. बाबालालचा हाय म्हणून चांगला. मला खरं पायजे हुतं, म्हणून पट्टी काढून तुमच्यात आणला." चाचा थांबले. "तू खरं सांगितलंस. लई उपकार झालं तुझं."

अच्युत म्हणतो, त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. रात्रभर बसून नवी लिहिली होती. "चाचा, ही मी मंडळीसमोर वाचतो. आधीची चुकली म्हणून सांगतो. मग तुम्ही दुकान उघडा."

"वाच."

"ओढ : संथ आणि मोकळी. स्वाद : जुन्या उस्तादाला शोभेल असा. हात..."

"बास." चाचांनी हात पुढे केला. चिठ्ठी घेतली, तिची लांब सुरळी केली आणि चहाच्या शेगडीत धरली. तिने पेट घेतला. दुसऱ्या हाताने त्यांनी फळीवरचा एक चिरूट तोंडात धरला आणि त्या जळत्या सुरळीवर पेटवायला लागले.

"कागदानं नका पेटवू," अच्युतच्या तोंडून निघून गेलं. "वास लागतो."

हे त्याला चाचांनीच शिकवलं होतं. वीस वर्षांचा असताना एकदा कागदाने पेटवला म्हणून मनगटावर फटका खाल्ला होता.

"लागू दे."

दोन झुरके घेऊन त्यांनी चिरूट अच्युतकडे दिला. अच्युतने एक झुरका घेतला.

"काय लागतंय?"

"...शाई."

"हां," चाचा म्हणाले, आणि चिरूट राखेत ठेवून दिला.

चहा उतू जायला आला होता. त्यांनी तो ओतला, एक कप अच्युतपुढे सरकवला. दोघांनी चहा घेतला. बाहेरून कुणीतरी दार वाजवून गेलं. चाचा उठले नाहीत.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. अच्युतने आपलं अक्षर ओळखलं. रविवारची चिठ्ठी. वसंतरावांकडून मागून आणली होती.

चाचांनी ती गुडघ्यावर पसरली. वरच्या दोन ओळींवरून बोट तसंच खाली नेलं आणि तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"आठ दिवस ह्येच्यासंगं बसलोय."

बोटाखाली एकच शब्द होता. अनोळखी.

"बोटं गेली ते मला ठावंच हुतं," चाचा म्हणाले. "बोटं जात्यात. वळायला दुसरा कुनीबी ठेवला असता. पर पान निवडायचं, कुठलं कुठल्यात मिसळायचं, किती दिस मुरवायचं, त्ये माझ्यापाशी ऱ्हायलंय असं वाटत हुतं. सगळ्यांनी न्हाई ओळखलं तरी चाललं असतं. तूच ओळखलं न्हाईस..."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"मग काय ऱ्हायलं? पाटी काढली."

अच्युतला इथे गप्प राहता आलं असतं. मंडळीत त्याचं नाव झालं होतं. गुरूचीही भीड न ठेवणारा माणूस म्हणून त्या आठवड्यात पेठेत दोघांनी त्याची पाठ थोपटली होती. चाचाही उपकार मानत होते. एका शब्दाने हे सगळं जाणार होतं.

"चाचा," तो म्हणाला, "मी ओळखला होता."

चाचांनी वर पाहिलं.

"तो तुमचा आहे हे मला माहीत होतं. मंडळीत मला चिडवतात. चाचांचा चिरूट आला की अच्युतची जीभ गोड होते म्हणतात. मला दाखवायचं होतं की मी कुणाचा मिंधा नाही. खाली तुमचं नाव लिहिलं असतं तर ते हात धुवायचं लिहायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून अनोळखी लिहिलं. खोटं लिहिलं."

...

"मी तुमचा हात ओळखला, आणि माझ्या ओळखीचा नाही म्हणालो."

चाचांनी घडी घातलेला कागद पुन्हा खिशात ठेवला. अच्युतने नजर वर केली नाही.

"कवा वळखलास?"

"काय?"

"कितव्या झुरक्याला?"

"झुरका नाही. पेटवायच्या आधीच. नाकाशी धरला तेव्हा."

"थंडच?"

"थंडच."

"कशावरनं?"

"चाचा, मी काय सांगतोय आणि तुम्ही..."

"कशावरनं, सांग म्हणतो न्हवं?"

अच्युतने डोळे मिटले. त्याला आता आठवायला कष्ट पडत नव्हते.

"आधी वाळल्या गवताचा वास आला. मग गूळ करताना काहिलीच्या कडेला जो लागतो ना, तो. आणि सगळ्याच्या मागं ओल्या मडक्याचा. निपाणीत सगळे पान गोणपाटात मुरवतात. मडक्यात फक्त तुम्ही."

"मडकं लागलं तुला?"

"लागलं."

"आवळून दगड झाला हुता. त्यातनं मडकं लागलं?"

"हो, चाचा."

चाचांनी खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं. ते हसताहेत की रडताहेत हे अच्युतला कळेना. त्यांचे खांदे हलत होते. फडकं काढलं तेव्हा डोळे लाल झाले होते आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"अल्ला तुझं भलं करो," ते म्हणाले. "आठ दिस झोप न्हवती रं मला."

"मी खोटं लिहिलं, चाचा. तुम्ही दुवा कसली देताय?"

चाचा ऐकत नव्हते. भिंतीला हात लावत उठले, कोपऱ्यातलं मडकं ओढलं आणि त्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं. वरची पानं कडा वळून कडक झाली होती.

"पानी आन."

अच्युतने तांब्या आणला. चाचांनी ओंजळीने पाणी शिंपडलं, पानं हलक्या हाताने वरखाली केली, पुन्हा शिंपडलं. मडक्यात तोंड घालून वास घेतला. लगीनघरातल्या माणसासारखी त्यांची गडबड चालली होती. थोड्या वेळाने खालची चार नरम पानं काढून त्यांनी पाटावर पसरली, त्यांत आत भरायचं मधलं पान मोजूनमापून ठेवलं, आणि पाट अच्युतपुढे सरकवला.

"हात बगू."

अच्युतने हात पुढे केले. चाचांनी ते उलटेपालटे करून पाहिले, बोटांची टोकं चिमटीत धरून दाबली.

"लागतंय?"

"लागतंय की."

"मग वळ."

"मला वळता येत नाही, चाचा."

"ठावं हाय. बावीस वरसं दुसऱ्यानं वळल्यालं हुंगतोयस."

पहिलं पान उभं फाटलं. दुसरं वळताना मधलं पान एका टोकाने बाहेर आलं. चाचा मधे मधे "हळू" म्हणत होते, आणि एकदा "माझ्यागत आवळू नको" म्हणाले. अच्युतच्या कपाळावरचा घाम पानावर पडला, तो त्यांनी पुसून घेतला. चौथा चिरूट कसाबसा जमला. मधे पोट सुटलेलं, एक टोक वाकडं. अच्युत म्हणतो की, तो जर वखारीत त्याच्यापुढे आला असता तर त्याने हात न लावता बाजूला सारला असता.

चाचांनी तो घेतला. पेटवला नाही. नाकाखाली धरला आणि डोळे मिटून बसले.

"कसा आहे?" अच्युतने विचारलं. असं विचारताना कसं वाटतं ते त्याला तोवर माहीत नव्हतं.

चिरूट चाचांनी फडक्यावर अलगद ठेवला. मग दाराशी गेले आणि दार सताड उघडलं. भिंतीला पालथी टेकवलेली पाटी उचलून त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि उंबऱ्याशी उभी केली. संध्याकाळचं ऊन पाटापर्यंत आलं.

फळीवर पत्र्याच्या डब्यात कागदी पट्ट्या होत्या. लाल अक्षरात 'बाबालाल मुजावर, निपाणी'. अच्युतने त्यातली एक घेण्यासाठी हात पुढे केला.

चाचांनी डब्यावर झाकण ठेवलं, आणि झाकणावर आपला हात.

"पट्टी नको. येत्या रविवारी मंडळीत असाच ठेव... आनि चिठ्ठ्या वाचून हुईस्तवर तोंड उघडायचं न्हाई."