न कुजणारे पाचट

कृष्णाकाठच्या एका गावात राऊबा नावाचा शेतकरी होता. माणूस कष्टाळू, पण धास्तावलेला. एका वर्षी बुरशीने त्याचे आल्याचे पीक जमिनीतच सडवले. त्याची बायको अनुसया तेव्हा बांधावर बसून रडली होती. तेव्हापासून रानात काही हललेले दिसले, की राऊबा पाठीवर पंप चढवी. आल्याच्या जागी ऊस आला, तरी फवारणी थांबली नाही. कधी तणाचे औषध, कधी किडीचे, आणि बुरशीचे तर नेहमीच.

शेत स्वच्छ दिसे. पण माती टणक झाली आणि ऊस वर्षागणिक बारीक होत गेला. तोडणीनंतर सरीत पसरलेले पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने, पुढच्या तोडणीलाही तसेच कोरडे पडलेले असे. शेजारच्या जैतूनबीच्या रानात मात्र त्याच पाचटाचे काळे, भुसभुशीत खत होई.

राऊबा तिच्याकडे गेला. "भाभी, पाचट कुजायला तुम्ही काय मारता?"

"काहीच मारत नाही. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पाला कुजवायचं काम त्यांचं. तुमच्या औषधांनी रोगाबरोबर तेही गेले असतील."

राऊबाचा चेहरा उतरला. तसा तिने आवाज मऊ केला. "भ्यायलेल्या माणसाच्या हातून होतं असं. माझ्या रानातली माती न्या."

राऊबाने ती माती शेणात कालवून पाचटावर शिंपडली आणि पाणी दिले. फवारणी बंद केली.

पावसाळ्यात पाचटावर पांढरी बुरशी पसरली.  राऊबा पंप आणि औषधाची बाटली घेऊन धावला. अनुसयाने त्याचा हात धरला.

"आल्याचं मीपण विसरले नाही," ती म्हणाली. "पण ही उसाला लागलीय का, ते तरी बघू."

दोघे सरीसरीतून फिरले. ऊस हिरवागार होता. बुरशी फक्त वाळक्या पानांवर होती. राऊबाने एक पान उचलले, तर बोटांतच त्याचा चुरा झाला. खालची माती ओली आणि मऊ लागली. "ही तर पाचट कुजवतेय," तो म्हणाला. औषधाची बाटली न उघडताच दोघे घरी परतले.

त्या वर्षी ऊस बेताचाच आला. पुढच्या वर्षी मात्र उसाची पेरे जाड भरली. पुढे कधी कीड पडलीच, तर राऊबा आधी नीट पाहून उसाच्या तेवढ्याच बेटाला औषध देई.

तात्पर्य: भीतीपोटी सरसकट वार केला, तर आपल्यासाठी मुकाट्याने राबणारेही त्यात मरतात, म्हणून मारण्याआधी ओळखावे.