पहिली भाकर बाहेरची

एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता, पण गिदोनकाका होता, त्यामुळे राजाची उणीव कुणाला भासली नाही. पाय आत घे रे, थंडी वाजेल. हं. तर डोंगराच्या पायथ्याशी गाव, गावात दगडी चर्च, आणि त्या चर्चचा पंच हा गिदोनकाका. भली मोठी मिशी, हातात काठी. तो नुसता खाकरला तरी कुत्री भुंकायची थांबायची.

त्याच गावात तबिथा राहायची. गिदोनकाकाच्या धाकट्या भावाची बायको ती. भाऊ बिचारा तापानं देवाघरी गेला, आणि तबिथाच्या पदरात तीन पोरं. थोरला नथनेल, त्याला सगळे नथू म्हणत. मधला शिलास, तो शिलू. धाकटा बर्णबा, तो आपला बन्या. नावं बघा कशी एकेकाची. आता गुण ऐका.

नथूनं एकदा बुधवारी भर दुपारी चर्चची घंटा वाजवली. सगळं गाव रविवारचे कपडे घालून धावत आलं. शिलूनं पाळकसाहेबांची शेळी उपासनेला आणून पुढच्या बाकाशी बांधली, का तर म्हणे तिला गाणी आवडतात. आणि बन्या एकदा उपदेशाच्या व्यासपीठात जाऊन झोपला. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले तर पायाशी घोरण्याचा आवाज. हसू नका, तुम्हीही काही कमी नाही. तबिथा रागवायची, धपाटा घालायची, आणि निजताना तिघांना कुशीत घेऊन प्रार्थना म्हणायची.

तिच्या घरात एक रीत होती, बरं का. सासूपासून चालत आलेली. तव्यावरची पहिली भाकर घरात खायची नाही. ती दाराबाहेर जो कुणी असेल त्याला द्यायची. वाटसरू असो, शेजारीण असो, कुणीच नसलं तर कुत्र्याला. पहिली भाकर कशी टम्म फुगते, तुम्हाला माहीत आहे. पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण तबिथा म्हणायची, "पहिली बाहेरची, मग आपली." आणि पोरं कुरकुरत का होईना, नेऊन द्यायची.

मग एके दिवशी गिदोनकाका आला आणि ओट्यावर बसला.

"तबिथा, पोरं हाताबाहेर गेली. तिघांना माझ्याकडे दे. मी वळण लावतो."

तबिथाला ते वळण ठाऊक होतं. गिदोनकाकाच्या घरात जेवताना बोलायचं नाही, चालताना धावायचं नाही, आणि झोपताना गोष्ट मागायची नाही. करा विचार.

"पोरं मी देणार नाही, भाऊजी."

"मग तुझं वळण दाखव. नाताळाच्या प्रीतिभोजनाच्या भाकरी यंदा तू करायच्या. पंगतीतून एक जरी माणूस उपाशी उठला, तर पोरं त्याच दिवशी माझ्या घरी."

प्रीतिभोजन म्हणजे नाताळाची उपासना झाली की सगळं गाव एका पंगतीला बसतं, ते. शंभर माणसं. तबिथा रागाच्या भरात "बरं" म्हणून गेली, तेही चार माणसांच्या देखत. घरात आली आणि मग तिला कळलं, आपण काय कबूल करून बसलो ते.

मग गावानं घराघरातून ज्वारी दिली. तबिथानं तीन दिवस जातं ओढलं. तिच्या हाताला फोड आले, पण तीन मोठी मडकी पिठानं काठोकाठ भरली. नाताळाच्या आदल्या दिवशी तिला चर्चच्या अंगणात सारवायला जायचं होतं. तिनं एकेका पोराला एकेका मडक्याशी बसवलं. म्हणाली, "हे मडकं तुझं. नीट राख." आणि ती गेली.

आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात रविवारच्या शाळेत बाईंनी पोरांना एक गोष्ट सांगितली होती. एका गरीब विधवेची. तिनं भुकेल्या पाहुण्याला आधी वाढलं, मग तिच्या मडक्यातलं पीठ कधी संपलंच नाही. झालं. आपली आई विधवा, आपल्या घरात मडकी. तिघांच्या डोक्यात पक्कं बसलं, की आपलंही पीठ दिलं तर सकाळी परत भरतं.

मग काय झालं, रस्त्यानं मेंढरं घेऊन धनगर आले. त्यांची पोरं भुकेनं रडत होती. नथूनं आपलं मडकं त्यांच्या घोंगडीत उलटं केलं. वर शहाणपणानं सांगितलं, "पहिली भाकर बाहेर द्यायची असते, बरं का." मग दगड फोडणारी माणसं आली, टोपल्या डोक्यावर, पोटं खपाटीला गेलेली. शिलूनं त्यांना आपलं मडकं दिलं आणि तेच सांगितलं. मग आली एक म्हातारी. काठी टेकत आली, मूठभर पीठ मागितलं. बन्या कसला मूठभर देतोय. त्यानं सगळं मडकं तिच्या पदरात ओतलं आणि तोही म्हणाला, "आज्जी, पहिली बाहेरची हं." म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पदरातलं मूठभर पीठ काढून परत मडक्यात टाकलं. म्हणाली, "हे आईला ठेव." आणि गेली.

पोरांनी मडक्यांवर झाकणं ठेवली. आईला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, सकाळी भरणारच होती ना.

नाताळाचं उजाडलं. तबिथानं चूल पेटवली, तवा ठेवला, पहिल्या मडक्याचं झाकण काढलं. रिकामं. दुसऱ्याचं काढलं. रिकामं. तिसऱ्यात तळाशी मूठभर. तबिथा मट्कन खाली बसली. सगळ्या गावाची ज्वारी, तीन दिवसांचं दळण, आणि तीन पोरं, सगळं एका सकाळीत गेलं. तिनं हात उगारला. तेवढ्यात बन्यानं विचारलं, "आई, ती गोष्ट खोटी होती का?"

तबिथाचा उगारलेला हात तसाच राहिला. काय सांगणार? खोटी म्हणावं तर मन घेईना, आणि खरी म्हणावं तर समोर रिकामी मडकी. ती उठली. म्हणाली, "शिलू, पाणी आण." तिनं ते मूठभर पीठ मळलं, आणि एक भाकर थापून तव्यावर टाकली. टम्म फुगली. सारवून यायला रात्र झाली म्हणून काल चूल पेटलीच नव्हती, तिघांनी काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तिच्या मनात आलं, एक दिवस रीत मोडली तर कोण बघतंय? तिनं दाराबाहेर बघितलं.

दारात गिदोनकाका उभा. पोरांना न्यायला बैलगाडी सुद्धा जुंपून आणली होती त्यानं.

आता बघा हं. ज्याच्यामुळे जीव टांगणीला लागला, तोच दारात. तबिथाला असा राग आला की भाकर चुलीत घालावी. पण ती तबिथा होती. तिनं भाकरीवर लसणाची चटणी ठेवली आणि बाहेर नेऊन दिली. "घ्या भाऊजी. पहिली भाकर."

गिदोनकाकानं खाल्ली. चांगली लागली असणार, कारण मिशी पुसून म्हणाला, "आण दुसरी."

तबिथा आत आली. पीठ नाही हे तिला माहीत होतं. तरी बन्या तिच्याकडे बघत होता, म्हणून तिनं मडक्यात हात घातला. आणि बोटं पिठात रुतली.

तिनं एक मूठ काढली, भाकर केली. परत हात घातला, परत मूठ. जास्त नाही, एका भाकरीपुरतंच. मग काय विचारता! नथू चुलीत काटक्या सारतोय, शिलू पीठ मळतोय, बन्या टोपली घेऊन चर्चकडे पळतोय, आणि तबिथाच्या हातांचा धपधप आवाज गावभर ऐकू येतोय. भाकरींची चळत दाराएवढी झाली.

गिदोनकाकाला संशय आला. पीठ येतंय कुठून? तो चुलीपाशी आला आणि पहिल्या मडक्यात हात घातला. नखं तळाला खरवडली. दुसऱ्यात घातला. एक कोळी त्याच्या बोटावरून चालत बाहेर आला. तिसऱ्यात तोंड घालून खाकरला, तर मडकंच त्याच्यावर उलट खाकरलं. मग मात्र तो दुसरी भाकर विसरून मुकाट्यानं बाहेर गेला.

दुपारी पंगत बसली. चर्चच्या अंगणात शंभर माणसं, पानावर रस्सा, पानापानात तबिथाची भाकर. गिदोनकाका काठी टेकत पंगतीतून फिरला. "कुणी उपाशी?" सगळे ढेकर देत होते. दुसऱ्यांदा फिरला. "कुणाला कमी पडलं?" कुणालाच नाही. तिसऱ्यांदा फिरताना तो शेवटी थांबला. तिथं नथू, शिलू आणि बन्या रिकाम्या टोपल्या घेऊन उभे होते. सकाळपासून वाढत होते ना.

"हे तिघं जेवले का?" गिदोनकाकानं विचारलं.

पोरांना वाढायचं तबिथा विसरलीच होती. ती घराकडे धावली. मडक्यात हात घातला. रिकामं. तीनही मडकी रिकामी. शंभर जणांना पुरलं आणि आपल्याच लेकरांना नाही. आता मात्र तिला रडू आवरेना. परत येऊन ती पोरांसमोर हात पसरून उभी राहिली. गिदोनकाकानं गाडीकडे बोट दाखवलं.

आणि तेवढ्यात मेंढरांच्या घंटा वाजल्या. धनगरीण येत होती, फडक्यात एक भाकर गुंडाळून. म्हणाली, "या पोरानं सांगितलं, पहिली भाकर बाहेर द्यायची असते. आम्ही रानात राहतो. आमच्या दाराबाहेर कोण असणार? म्हणून इथं घेऊन आले." मागोमाग दगडफोड्यांचा म्होरक्या आला, तळहाताएवढी जाड भाकर घेऊन. तोही तेच म्हणाला. सगळ्यात शेवटी ती म्हातारी, काठी टेकत. तिची भाकर एवढीशी, चांदोबासारखी गोल. ती तिनं बन्याच्या हातात ठेवली.

तीन पोरं, तीन भाकरी. तिघं पंगतीला बसले आणि सगळ्या गावासमोर पोटभर जेवले. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. धनगरांना, दगडफोड्यांना पानं मांडली, रस्सा वाढला. म्हातारीला शोधलं, पण ती कुठं गेली ते आजवर कुणाला कळलं नाही.

बन्यानं जेवता जेवताच आपली भाकर मोडून अर्धी गिदोनकाकापुढे केली. "काका, तुम्ही सकाळपासून एकच खाल्लीत." गिदोनकाका खाकरला. मग पोरांच्या शेजारी मांडी घालून बसला, आणि गाडी रिकामीच घरी पाठवली. तबिथा ताठ मानेनं उभी होती. तिनं नथूला म्हटलं, "जा, वाजव." नथूनं घंटा अशी वाजवली की डोंगर घुमला, आणि या वेळी त्याला कुणी रागावलं नाही.

तेव्हापासून तबिथाचं घर सुखात राहिलं. पोरं घरातच मोठी झाली, मडकं कधी तळाला गेलं नाही. आणि रोज संध्याकाळी तवा तापायच्या वेळेला गिदोनकाका काठी टेकत बरोबर तिच्या दारावरून जायचा. म्हणायचा, सहज चाललो होतो.

झाली गोष्ट. देवाचे आभार मानले ना? मग मिटा डोळे. जो जागा राहील, त्याला मी सकाळी गिदोनकाकाच्या गाडीत बसवणार आहे.