राजाला आला नाही एकोणतीसचा पाढा

एक होतं नगर. तिथं ढोलसेन राजा राज्य करी, आणि विसोबा गुरुजी पोरांना शिकवीत. पण नगरातली घरं इतकी महाग, की गुरुजी बिचारे रोज तीन कोस तुडवून शाळेत येत. पाय सुजले, तशी त्यांची बायको सगुणा राजाकडे गेली.

"महाराज, गुरुजींना इथं घर द्या."

राजा मिशी पिळत म्हणाला, "घर कशाला, बाई? सारं नगरच त्यांचं घर!"

दुसऱ्या दिवशी सगुणा नवरा, सासू, चार पोरं आणि शेळी घेऊन राजवाड्यात हजर.

"गरीब पोरं वार लावून रोज एकेका घरी जेवतात ना? तसे आम्ही वार लावून राहणार. सोमवार तुमचा."

दुपारी पानं वाढली. राजानं लाडू उचलला.

"थांबा महाराज!" सगुणा म्हणाली. "गुरुजींच्या घरात पाढा म्हटल्याशिवाय कुणी जेवत नाही. म्हणा एकोणतीसचा."

राजा 'एकोणतीस सत्ते'ला अडकला. शेळीसुद्धा टकमक बघू लागली.

"पुन्हा पहिल्यापासून," गुरुजी म्हणाले.

"प्रधानजी, यांना आत्ता घर द्या!" राजा ओरडला.

सगुणा म्हणाली, "नगरात आणखी सहा गुरुजी आहेत, महाराज. आणि तुमचे सहा वार मोकळेच आहेत."

संध्याकाळच्या आत सात घरं मिळाली. गुरुजींचे पाय बरे झाले, सासूला ओसरी मिळाली आणि नव्या अंगणात शेळीला जुळी करडं झाली.